पडवीतील पिसवा : प्रकल्प नोंदी

स्थळ : गुहागर तालुक्यातील आमचे कौलारू घर. भिंती जांभ्याच्या, ओटी व माजघरात शहाबादी फरशी, पडवीत मातीची जमीन, पलीकडे खळे (अंगण) आणि मांगर (पेंढा ठेवण्याचे छप्पर).

उद्देश : आमच्या भुरी कुत्रीच्या अंगावरील व घरातील पिसवा गणपतीपूर्वी संपवणे आणि प्रत्येक उपायाचा परिणाम आकड्यांत नोंदवणे. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे वही ठेवण्याची सवय आहे.

५ जुलै २०२४

भुरी ही आमची गावठी कुत्री चार वर्षांची असून तिचे वजन सुमारे चौदा किलो आहे. मृग संपत आला त्या सुमारास ती रात्री-अपरात्री उठून मागच्या पायाने मान खाजवू लागली, तेव्हा पावसात भिजल्यामुळे खाज सुटली असेल असे समजून आम्ही दुर्लक्ष केले. आज उजेडात नीट पाहिले तेव्हा शेपटीच्या मुळाशी आणि मागच्या मांड्यांवर तिने केस चावून चावून कातडी उघडी पाडलेली दिसली. याच दिवसांत आईच्या घोट्यांभोवती बारीक लाल गांधी तीन-तीन, चार-चार अशा ओळीने उठत होत्या आणि त्यांचे खापर आम्ही डासांवर फोडले होते. डास घोट्यापुरते चावून थांबत नाहीत, हे तेव्हाच लक्षात यायला हवे होते.

खात्री करण्यासाठी जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा ओला करून पिळला, ओटीवर पसरला आणि भुरीला त्यावर उभी करून तिचे केस उलट्या दिशेने चोळले. राळ्याएवढे काळे कण खाली पडले आणि दोन-तीन मिनिटांत प्रत्येक कणाभोवती तांबूस डाग पसरला. मातीचा कण असा रंग सोडत नाही. ही पिसवांची विष्ठा, म्हणजे पचून वाळलेले भुरीचेच रक्त होय.

६ जुलै

मोजण्याच्या तीन पद्धती ठरवल्या. पहिली, उवा काढायच्या बारीक फणीने भुरीचे अंग रोज संध्याकाळी पाच मिनिटे विंचरायचे आणि फणीत आलेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवून मोजायच्या. नखाने चिरडायला गेल्यास त्या निसटतात आणि अंग कडक असल्यामुळे सहज मरतही नाहीत. साबणामुळे पाण्याचा ताण कमी होतो व त्या बुडतात. दुसरी, रात्री जमिनीवर साबणाच्या पाण्याची परात ठेवून तिच्यावर वीतभर उंचीवर छोटा दिवा टांगायचा. उजेडाकडे आणि उबेकडे उडी मारणाऱ्या पिसवा पाण्यात पडतात. तिसरी, गुडघ्यापर्यंतचे पांढरे मोजे घालून प्रत्येक खोलीत पाच मिनिटे सावकाश फिरायचे आणि मोज्यांवरच्या पिसवा मोजायच्या.

आजचे आकडे : फणीत ३४. परातीत पडवीत १६, माजघरात ९. मोज्यांवर ओटीवर ५, माजघरात ४.

परात स्वयंपाकघरातून घेतल्याबद्दल आईने नापसंती व्यक्त केली असून ती परात पुन्हा स्वयंपाकघरात येणार नाही असे बजावले आहे.

७ जुलै

शेजारच्या काकांनी गुरांच्या गोचिडांसाठी आणलेले औषध पाण्यात कालवून भुरीला त्याने न्हाऊ घाला असे सुचवले. गुरांसाठीच्या औषधाची तीव्रता चौदा किलोच्या जनावराला परवडेल की नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते, आणि कुत्रे न्हाल्यावर अंग चाटतेच, म्हणून ती सूचना मी मानली नाही. भाकरीत लसूण चुरून घालण्याची दुसरी सूचनाही बाजूला ठेवली. कांदा व लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. ज्या जनावराचे रक्त आधीच पिसवा पीत आहेत त्याला तर ते मुळीच देऊ नये.

भुरीला साध्या शाम्पूने न्हाऊ घातले. प्रथम मानेभोवती फेसाचे कडे केले, कारण अंग भिजू लागताच पिसवा डोक्याकडे, कानांकडे पळतात. नंतर आईच्या आग्रहाखातर तिच्या पाठीवर थोडे करंजाचे तेल चोळले आणि तिला घराबाहेर, मांगरात बांधले. कुत्री बाहेर गेली की पिसवाही बाहेर जातील, असा तर्क यामागे होता आणि तो मलाही पटला होता.

१० जुलै

न्हाऊ घातल्याच्या दिवशी फणीत ६ पिसवा आल्या, दुसऱ्या दिवशी ११, आज २७. तेलाचा वास होता तोवर त्या पाठीवरून पोटाकडे सरकल्या होत्या, इतकाच फरक पडला. घरातला आकडा उतरण्याऐवजी चढला आहे : माजघरातील परातीत आज १९.

भुरीच्या हिरड्या फिक्या दिसल्या. पिसवेची मादी दिवसाला सुमारे १३.६ मायक्रोलिटर रक्त पिते, म्हणजे ७२ माद्या मिळून दिवसाला एक मिलिलिटर. मोठ्या कुत्र्याला हे सोसते, पण लहान पिल्लू याने दगावू शकते. उद्या-परवा पशुवैद्यकाकडे जाणे आवश्यक आहे. हे मी पाच दिवस आधीच करायला हवे होते.

१२ जुलै

तालुक्याच्या गावी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी फणी फिरवून लगेच सांगितले की शेपटीजवळचे उघडे पडलेले अंग हे निव्वळ चाव्यांचे काम नसून पिसवेच्या लाळेची अॅलर्जी आहे आणि अशा कुत्र्याला थोड्या पिसवाही पुरतात. खाज कमी करणारे औषध पाच दिवसांसाठी दिले. पिसवांसाठी अफॉक्सोलॅनर हे द्रव्य असलेली चघळण्याची गोळी वजनानुसार दिली, जी महिन्यातून एकदा द्यायची आहे. देण्यापूर्वी भुरीला कधी फिट आली होती का, हे त्यांनी दोनदा विचारले, कारण या गटातील औषधांनी काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात. तसे काही झालेले नव्हते.

गोळी रक्तात जाते व पिसू चावल्यावर मरते, त्यामुळे नव्या पिसवा अंगावर उडी मारत राहतील, दिसतही राहतील, आणि त्यावरून गोळी कुचकामी आहे असा निष्कर्ष काढू नये, असेही त्यांनी सांगितले. पिसू अंगावर आल्यापासून साधारण दीड-दोन दिवसांत अंडी घालू लागते; त्याआधी तिला मारणे हे गोळीचे खरे काम आहे.

निघताना त्यांनी घराचे वर्णन विचारले. जांभ्याच्या भिंती म्हटल्यावर त्या हसल्या.

१३ जुलै

फणीत ३, तिन्ही मेलेल्या. भुरी दुपारी चार तास सलग झोपली.

१५ जुलै

डॉक्टर का हसल्या ते आज कळले. माजघरातील फरशीचे सांधे सुरीच्या टोकाने कोरले, भिंतीच्या पायथ्याशी जांभ्याच्या भोकांमधली धूळ जुन्या दात घासण्याच्या ब्रशने काढली आणि ती काळ्या कागदावर पसरून शाळेतून आणलेल्या भिंगाखाली पाहिली. चिमूटभर धुळीत बारीक रव्याच्या कणासारखी पांढरी, गुळगुळीत अंडी होती, प्रत्येक सुमारे अर्ध्या मिलिमीटरचे. त्यांच्या शेजारी काळी विष्ठा होती. आणि त्या दोहोंमध्ये चार-पाच पांढुरक्या, केसाळ, पाय नसलेल्या अळ्या वळवळत होत्या. त्यांच्या पारदर्शक अंगातून पोटातले तांबूस अन्न दिसत होते. दिव्याचा उजेड जवळ नेताच त्या कागदाच्या घडीकडे सरकल्या.

या एका दृश्यात सगळी व्यवस्था उलगडली. अंडी चिकट नसल्यामुळे कुत्र्याच्या केसांत टिकत नाहीत. ते जिथे झोपते, अंग झाडते, उडी मारते, तिथे ती सांडतात. मोठ्या पिसवांची वाळलेली विष्ठाही त्यांच्याबरोबरच खाली पडते आणि अळ्या तीच खाऊन वाढतात, म्हणजे आई मुलांसाठी शिदोरीही खाली टाकत असते. अळ्या उजेड टाळून खाली खाली शिरतात, म्हणून त्या सांध्यात, भोकात, गोणपाटाच्या विणीत सापडतात. पिसवांच्या एकूण वस्तीपैकी साधारण निम्मा भाग अंड्यांचा, पस्तीस टक्के अळ्यांचा, दहा टक्के कोषांचा आणि जेमतेम पाच टक्के मोठ्या पिसवांचा असतो, असे सर्वसाधारण प्रमाण मानले जाते. दहा दिवस मी त्या पाच टक्क्यांमागे फणी घेऊन धावत होतो.

आणखी एक हिशेब करून पाहिला आणि तो लिहिताना बरे वाटत नाही. एक मादी भरात असताना दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते. फणीत येणाऱ्या पिसवा अंगावरील एकूण संख्येचा एक भागच असतात. भुरीवर चाळीस माद्या होत्या असे धरले तरी रोज सोळाशेहून अधिक अंडी होतात. ७ तारखेपासून गोळीपर्यंतच्या पाच दिवसांत तिला मांगरात बांधून मी पेंढ्यात आठेक हजार अंडी पेरली.

अळीला ओलसर हवा लागते; हवेतील आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली गेली की ती सुकून मरते. आज माजघरातील आर्द्रतामापकावर ८८ टक्के आहेत. एप्रिल-मेमध्ये देशावर उघड्या फरशीवर जे आपोआप घडते ते कोकणातल्या आषाढात घडण्याची आशा नाही.

उपचाराच्या जागांची यादी : ओटी, माजघर, पडवी, झोपाळ्याखालची जागा, आईच्या खाटेखाली, मांगर. उत्तरेकडची पाहुण्यांची खोली बंद असल्यामुळे यादीत घेतली नाही.

१७ जुलै

आषाढी एकादशी. शाळेला सुट्टी असल्यामुळे दिवसभर सफाई केली. भुरीची गोणपाटे जाळली. गोधड्या, चादरी व पायपुसणी बंबातल्या कढत पाण्यात भिजवून धुतली. साठ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात पिसवेची कोणतीही अवस्था टिकत नाही. वाळवणे हा मात्र वेगळाच प्रकल्प ठरला. ऊन नसल्यामुळे चुलीच्या वर दोरी बांधावी लागली आणि आता सगळ्या गोधड्यांना धुराचा वास येत आहे.

चिपळूणहून मावसभावाचा व्हॅक्यूम क्लीनर आणला आहे. फरशीच्या सांध्यांवर, भिंतींच्या पायथ्याशी आणि खाटेच्या पायांभोवती तो एक दिवसाआड फिरवायचा व पिशवी लगेच प्लॅस्टिकमध्ये बांधून घराबाहेर काढायची. अंडी आणि सैल अळ्या यात येतात. कोष मात्र येत नाहीत, कारण त्यांचे रेशीम चिकट असते, त्यावर धूळ बसते आणि ते जमिनीला धरून राहतात.

१९ जुलै

फवारणी करणारा माणूस आला. सांधे, भिंतींचे पायथे व खाटेखालची जागा एवढ्याच ठिकाणी फवारावे, असे त्याला बजावले होते. मोठ्या पिसवा मारणाऱ्या परमेथ्रिन या पायरेथ्रॉइड गटातील औषधाबरोबर त्याने पायरीप्रॉक्सिफेन वापरले. हे द्रव्य कीटकाच्या बालसंप्रेरकाची नक्कल करते, त्यामुळे अंड्यातून अळी बाहेर येत नाही आणि अळीचा कोष पुरा होत नाही. कोषात आधीच शिरलेल्यावर त्याचा उपयोग नाही.

खळ्यात फवारू दिले नाही. विहीर तिथून पंधरा पावलांवर आहे व तीत मासे आहेत. पायरेथ्रॉइड गटातील औषधे माशांना अत्यंत घातक असतात. शिवाय जिथे धो-धो पाऊस पडतो तिथे अळी राहत नाही. ती पडवीसारख्या आडोशाच्या जागीच राहते. शेजारच्या घरची मांजर कौलांवरून आमच्याकडे ये-जा करते, म्हणून जमीन कोरडी होईपर्यंत दारे-खिडक्या बंद ठेवल्या. परमेथ्रिन कुत्र्याला चालते, मांजराला मारते. हे शेजारच्या काकूंना मुद्दाम जाऊन सांगितले. मांजरीलाही त्याच पिसवा लागतात, म्हणून तिच्यासाठी मांजराचेच औषध डॉक्टरांकडून आणण्याचे त्यांनी मान्य केले आहे.

२१ जुलै

आकडे वाईट आहेत. परातीत माजघरात २३, ओटीवर १४. आईच्या दोन्ही पायांवर नव्या गांधी उठल्या आहेत. भुरीच्या फणीत मात्र ०, १, ० असे आकडे तीन दिवस येत आहेत. कुत्री स्वच्छ आणि घर पूर्वीपेक्षा वाईट, ही अवस्था मला समजत नव्हती. पैसे पाण्यात गेले, असे आई म्हणाली, आणि त्या क्षणी माझ्याजवळ उत्तर नव्हते.

रात्री तिने विचारले की यातून प्लेग तर होणार नाही ना. १९९४ साली बीड जिल्ह्यात प्लेगचे रुग्ण निघाले तेव्हाची घबराट तिला आठवते. तिला सांगितले की १८९६ पासून मुंबईत पसरलेल्या प्लेगमागे मुख्यतः उंदरांवरची पिसू होती, ती वेगळी जात, आणि घरात उंदीर मरून पडू लागले तर काळजी करायची. माळ्यावर मेलेला उंदीर नाही हे तिने स्वतः विजेरी घेऊन पाहिले आणि मगच झोपली.

२२ जुलै

डॉक्टरांना फोन केला. भुरी कुठे असते, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. मांगरात बांधलेली आहे असे सांगितल्यावर, तिला आजच्या आज घरात घ्या असे त्या म्हणाल्या.

कारण असे. कोषातली पिसू पूर्ण वाढल्यावरही बाहेर पडण्याची घाई करत नाही. जमिनीची कंपने, अंगाची ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड यांवरून कोणी जवळ आल्याचे कळले की ती काही क्षणांत बाहेर येते. कळले नाही तर महिनोन् महिने आत थांबू शकते. आम्ही व्हॅक्यूम क्लीनर फिरवून, फरशी घासून, खाटा सरकवून सगळ्या कोषांना जागे केले, आणि बाहेर आलेल्या भुकेल्या पिसवांना घरात कुत्री न सापडल्यामुळे त्या आईला चावल्या. गोळी दिलेली कुत्री हा चालता-फिरता सापळा आहे. ती जिथे जिथे जाईल तिथल्या पिसवा तिच्यावर उडी मारतील, चावतील आणि अंडी घालण्याआधी मरतील. माझ्याकडचे सर्वांत प्रभावी साधन मी पंधरा दिवस घराबाहेर बांधून ठेवले होते.

आईचे मन वळवणे हा दुपारचा मुख्य उद्योग होता. देवघर आणि स्वयंपाकघर सोडून भुरीने कुठेही जावे, अशी तडजोड झाली. मांगरातला पेंढा काढून जाळला; तिथेही तिला रोज सकाळी दोरीने धरून अर्धा तास फिरवायचे ठरले.

२ ऑगस्ट

भुरी घरात आल्यापासून माजघरातील परातीचे आकडे क्रमाने २०, २२, १७, १२, १२, ८, ९, ५, ४, ४, २. मधली चढ-उतार व्हॅक्यूम क्लीनर फिरवल्याच्या दिवसांशी जुळते : फिरवला की त्या रात्री आकडा वर जातो. पूर्वी असा आकडा पाहून मी हताश झालो असतो.

१२ ऑगस्ट

दुसरी गोळी. गोळीला मांसाचा वास असतो आणि आज श्रावणी सोमवार, त्यामुळे ती घराबाहेर, खळ्यात, माझ्याच हाताने देण्याचा आदेश होता. भुरीने एका घासात संपवली.

तिच्या शेपटीखालच्या केसांना तांदळाच्या दाण्यासारखे दोन पांढरे तुकडे चिकटलेले दिसले, त्यांतला एक हलत होता. हे फीतकृमीचे तुकडे आहेत. या कृमीची अंडी पिसवेच्या अळीच्या पोटात जातात, अळीची पिसू होते, आणि कुत्रे अंग चावताना ती पिसू गिळते. तेथून तीन आठवड्यांत असे तुकडे पडू लागतात. म्हणजे जुलैतली खाज आता या रूपाने बाहेर आली. डॉक्टरांनी प्राझिक्वांटेल हे जंतनाशक दिले. पिसू गिळली गेल्यास लहान मुलांनाही हा कृमी क्वचित होतो, आणि गणपतीला भावाची दोन मुले येणार आहेत, हे लक्षात ठेवायचे.

२३ ऑगस्ट

परातीत सर्व खोल्यांत मिळून ०, सलग पाचवा दिवस. आईला नवी गांध नाही. भुरीच्या शेपटीवर लव उगवली आहे. प्रकल्प संपल्याची नोंद उद्या करावी असा विचार आहे.

२४ ऑगस्ट

तशी नोंद करता येत नाही.

गणपतीच्या तयारीसाठी आज उत्तरेकडची खोली उघडली. भावाचे कुटुंब २५ जूनला मुंबईला परतल्यापासून, म्हणजे बरोबर साठ दिवस, तिला कुलूप होते. आत चार पावले गेलो, खिडकी उघडली आणि पायांवर वाळूचे कण उडावेत तसे काहीतरी जाणवले. खाली पाहिले तर पायजम्याच्या कडांवर काळे ठिपके सरकत होते. बाहेर येऊन मोजता आल्या तेवढ्या मोजल्या : ४१. या वहीतला एका वेळचा सर्वांत मोठा आकडा कुत्रीच्या अंगावरचा नसून माझ्या पायजम्यावरचा आहे.

उलगडा कठीण नव्हता. जूनमध्ये मुले त्या खोलीत जमिनीवर गाद्या घालून झोपत असत आणि भुरी त्यांच्या पायथ्याशी. अंडी तिथे तेव्हाच सांडली. अळ्या बंद, दमट, अंधाऱ्या खोलीत सुखाने वाढल्या, त्यांनी कोष केले आणि कोणी येण्याची वाट पाहत राहिल्या. १५ जुलैच्या यादीतले माझेच वाक्य पुन्हा वाचले. खोली बंद असणे हे तिला यादीतून वगळण्याचे कारण नव्हते. सर्वांत वर लिहिण्याचे कारण होते.

चतुर्थीला चौदा दिवस उरले आहेत.

२५ ऑगस्ट

कोष मारता येत नाहीत, पण उठवता येतात. या एका गोष्टीवर पुढचा बेत आखला. गाद्यांच्या खोळी कढत पाण्यात टाकल्या. गाद्या पावसाने उघडीप दिलेल्या दुपारी खळ्यात उलटसुलट तापवल्या. सांधे कोरले, व्हॅक्यूम क्लीनर दिवसातून दोनदा फिरवला, आणि सांध्यांत पायरीप्रॉक्सिफेनची फवारणी त्याच माणसाकडून करवली. त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ पांढरे मोजे घालून मी आणि माझ्याबरोबर भुरी असे वीस मिनिटे त्या खोलीत येरझारा घालतो. मी मुद्दाम पाय आपटत चालतो. आज रस्त्यावरून जाणाऱ्या एका पालकाने खिडकीतून हे पाहिले आणि नमस्कार करून काही न विचारता निघून गेले.

मोज्यांवर : सकाळी २६, संध्याकाळी १९.

२८ ऑगस्ट

१४ व ११.

३१ ऑगस्ट

९ व ३. भुरीच्या फणीत आज ७, त्यांपैकी पाच मेलेल्या, दोन लुळ्या. तिने एकदाही अंग चावलेले दिसले नाही.

४ सप्टेंबर

१ व ०. रात्री त्या खोलीत परात ठेवली. सकाळी तीत एक पतंग आणि एक पिसू. भावाला फोनवर सगळे सांगितले. वहिनींनी मुलांना खाटेवर झोपवण्याची आणि खोलीत खाली काही न अंथरण्याची अट घातली, जी रास्त आहे.

७ सप्टेंबर

गणेश चतुर्थी. घरात अकरा माणसे. मोजमाप नाही.

१६ सप्टेंबर

तिसरी गोळी १२ तारखेला द्यायची होती. त्या दिवशी गौरी-गणपतींचे विसर्जन होते आणि ती साफ विसरली. आज चार दिवस उशिरा दिली. घरात कोष शिल्लक असताना असा खंड पडणे चांगले नाही, कारण औषधाचा अंमल ओसरल्यावर आलेल्या एका मादीलाही अंडी घालायला दोन दिवस पुरतात. आज फणी दुप्पट वेळ फिरवली : १, जिवंत. पुढील तीन आठवडे माजघर व उत्तरेकडची खोली यांत परात रोज ठेवायची, कारण या हवेत अंड्यापासून नवी पिसू होण्यास साधारण तेवढा काळ लागतो.

पाहुण्यांपैकी कोणालाही गांध उठली नाही. धाकट्या पुतण्याने उठल्याचे सांगितले होते, परंतु तो डास होता, कपाळावर एकच.

७ ऑक्टोबर

तीन आठवड्यांत परातीत एकूण २ पिसवा, दोन्ही पहिल्या आठवड्यातल्या. आर्द्रता पहिल्यांदा सत्तरच्या खाली आली आहे. व्हॅक्यूम क्लीनर चिपळूणला परत केला.

१६ ऑक्टोबर

चौथी गोळी, वेळेवर. फणीत ०.

२७ ऑक्टोबर

उत्तरेकडची खोली दहा दिवस बंद ठेवून आज मुद्दाम उघडली. मोजे घालून पाय आपटत वीस मिनिटे फिरलो, भुरी सोबत होती. मोज्यांवर ०, फणीत ०. शेजारच्या मांजरीचीही फणी काकूंच्या मदतीने केली. तिच्याकडून एक ओरखडा आणि शून्य पिसवा मिळाल्या.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोळी वर्षभर चालू राहील. १६ नोव्हेंबरच्या चौकटीत आईने स्वतःच कॅलेंडरवर ‘भुरी’ असे लिहून ठेवले आहे. ती परात आता पडवीत भुरीच्या पाण्यासाठी आहे.